टॉवरची पाठ

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत दिवाळीच्या फराळाला नागपूरचे पाहुणे आले होते. चकलीचा तुकडा मोडता मोडता त्यातल्या एकाने सहज विचारलं, "सिंहगड कुठल्या अंगाला येतो हो इथून?" आजोबांनी बसल्या जागेवरून दक्षिणेकडे हात केला, किंचित पश्चिमेला झुकता. त्यांच्या मुलाने चांदणी चौकाकडे, म्हणजे जवळपास थेट मावळतीला. नातवाने खिशातून मोबाइल काढला. सगळे हसले आणि विषय अनारशांवर गेला. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नातू महिन्यातल्या एकदोन रविवारी सिंहगडावर जातो, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन परत येतो. गडावर जाण्याचा रस्ता त्याला तोंडपाठ आहे. गड आपल्या घरापासून कुठे आहे हे मात्र त्याला सांगता येत नाही. त्या घराची गॅलरी दक्षिणेलाच आहे. गॅलरीसमोर दोनशे मीटरवर आता बावीस मजल्यांची एक भिंत उभी आहे. तिला खिडकी नाही, गॅलरी नाही, कठडा नाही. दर तीन मीटरवर एक आडवी रेघ आणि वर फिकट बदामी रंग.

नजरेचं गणित फार कंजूष असतं, आणि ते एकदा कळलं की अशा भिंतीचा आकार वेगळाच वाटायला लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सिंहगडाचा माथा १,३०० च्या थोडा वर. म्हणजे शहरातून बघणाऱ्याच्या दृष्टीने गड साडेसातशे मीटर उंच. कोथरुडातून त्याचं हवाई अंतर १६-१७ किलोमीटर. या अंतरावर साडेसातशे मीटरची उंची डोळ्याला जेमतेम अडीच अंश भरते. हात पूर्ण लांब करून अंगठा आडवा धरला तर अंगठ्याची रुंदी दोन अंशांच्या आसपास असते. ज्या गडाने कोंढाण्याच्या लढाईपासून आजवर शहराची नैर्ऋत्य राखली, तो एका अंगठ्यामागे जवळजवळ मावतो. एक अंश म्हणजे शंभर मीटर अंतरावर पावणेदोन मीटर उंची, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब तोंडी होतो. दोनशे मीटरवरच्या अडथळ्याला अडीच अंश झाकायला डोळ्याच्या पातळीच्या वर फक्त नऊ मीटर लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचा डोळा जमिनीपासून दहा-अकरा मीटरवर असतो. म्हणजे सहा-सात मजल्यांत सिंहगड संपला. समोरचा टॉवर पार्किंगचे मजले धरून सत्तर मीटर आहे, त्याने सोळा अंश घेतले. वरच्या पंधरा मजल्यांनी सिंहगड झाकलेला नाही. त्यांनी नुसतं आभाळ झाकलं आहे.

भिंत कोरी का, याचं उत्तर मात्र गॅलरीतून मिळत नाही. त्यासाठी टॉवरच्या दुसऱ्या बाजूला जावं लागतं.

तिथे सगळं आहे. आठ-आठ फुटी गॅलऱ्या, काचेचे कठडे, जमिनीपासून छतापर्यंतच्या सरकत्या खिडक्या. साहजिक आहे, त्या बाजूला सिंहगड आहे. आर्किटेक्टच्या टेबलावर प्लॉट येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, व्ह्यू कुठला? मग हॉल आणि मास्टर बेडरूम त्या अंगाला जातात. लिफ्ट, जिने, इलेक्ट्रिक डक्ट, संडास-बाथरूमचे पाइप, अग्निशमनाची उभी लाइन, या गोष्टींनाही कुठेतरी जागा हवीच. त्या जातात उरलेल्या बाजूला. उरलेली बाजू म्हणजे जिथे बघण्यासारखं काही नाही असं ठरवलेलं असतं ती: जुन्या सोसायट्यांच्या गच्च्या, सिंटेक्सच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. थोडक्यात, गॅलरीतून दिसायचा तो सिंहगड नाहीसा झालेला नाही. तो दोनशे मीटर पुढे सरकला आणि पंधराव्या मजल्यावर चढला. आता त्याला भाव आहे. बिल्डरच्या ऑफिसात त्याला फ्लोअर राइज म्हणतात, मजल्यागणिक चौरस फुटाला अमुक रुपये जास्त. बघायला गेलं तर यात चोरी नाही. गडावर कोणाचीच मालकी नव्हती, म्हणून तर तो फुकट दिसत होता.

पुण्याला दृश्याची ही सवय जुनी आहे आणि ती नेहमी उंचीशी जोडलेली आहे. १७३२ मध्ये उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीला माउलींच्या देवळाचा कळस दिसायचा असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. वाडा १८२८ च्या आगीत गेला, त्यामुळे पडताळायची सोय उरली नाही. पण हवाई अंतर सतरा-अठरा किलोमीटर आणि मधे सपाटी, तेव्हा अशक्य काहीच नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देऊळ बांधलं आणि शहराला बघायला एक जागा झाली, तशीच जिथून बघायचं अशीही एक जागा झाली. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई पर्वतीवरूनच पाहिली. सात किलोमीटरवरचा धुरळा आणि तोफांचा धूर बघून राज्य गेल्याचं त्याला कळलं असेल. आज त्याच जागी उभं राहिलं तर लढाई दिसायची नाही, मधे इतकं काही उभं आहे.

पर्वतीची टेकडी भोवतालच्या शहरापासून साधारण ऐंशी मीटर वर आहे. पार्किंगसकट सत्तावीस-अठ्ठावीस मजल्यांचा टॉवर सपाटीवरून निघून तिच्याशी बरोबरी करतो. कुठला टॉवर पर्वतीपेक्षा उंच झाला हे ओळखायला कागदपत्रं लागत नाहीत. देवळाच्या तटाशी उभं राहून क्षितिजाची रेघ बघायची. ज्या इमारतीचा माथा आपल्या डोळ्याच्या पातळीखाली आहे ती कितीही जवळ असली तरी क्षितिजाच्या रेघेखालीच राहते. जी रेघ ओलांडून वर जाते ती आपल्यापेक्षा उंच, मग ती एक किलोमीटरवर असो की सहा. जमिनीची पातळी सगळीकडे सारखी नसली तरी हे खरं, कारण तुलना माथ्याची माथ्याशी आहे. उत्तरेला, पूर्वेला आणि आता नदीच्या अंगालाही अशा रेघ ओलांडणाऱ्या इमारती वाढत चालल्यात. त्यातल्या बऱ्याच जणींनी पर्वतीकडे तोंड केलं आहे हे एक बरं. पाठ दिसते ती खाली राहणाऱ्यांना.

डोंगर दिसणं म्हणजे केवळ देखावा असता तर इतकं बोलायची गरज नव्हती. पुण्यातली जुनी घरं डोंगराकडून हवामान वाचत आली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गॅलरीतून नैर्ऋत्येला बघायचं. सिंहगडावरचे टीव्हीचे मनोरे स्वच्छ दिसताहेत तोवर गच्चीवरच्या कुरडया-पापडांना धोका नाही. मनोरे ढगात गेले की आवराआवर, आणि डोंगराची कडाच पुसली गेली की पाऊस अर्ध्या-पाऊण तासात दारात. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर येतो आणि आता तो पुष्कळ बरा असतो, हे मान्य. पण तो पुण्यासाठी असतो, आपल्या गच्चीसाठी नसतो. वेताळ टेकडीचंही तसंच. जुलैत ती हिरवी होते, ऑक्टोबरअखेर गवत तांबूस होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्लिरिसिडियाच्या झाडांवर गुलाबी फुलांचे पट्टे उमटतात आणि त्याच सुमारास कुठेतरी वणव्याचा काळा डाग. ग्लिरिसिडिया आपल्याकडचा नाही, टेकड्यांवर लावला ते बरोबर की चूक हा वाद वेगळा. मुद्दा एवढाच की स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॅलेंडर दिसत होतं. संध्याकाळी गडावरचा तांबडा दिवा लागायचा. तांबडा दिवा त्या घरातून आजही दिसतो. फक्त तो आता समोरच्या टॉवरच्या गच्चीवरचा आहे, विमानांना अडथळा कळावा म्हणून लावलेला.

आता खुद्द भिंतीकडे. लांबून ती एकसंध दिसते, पण सकाळच्या तिरप्या उन्हात नीट पाहिलं तर ती कशी बांधली हे वाचता येतं. हल्लीचे बहुतेक टॉवर अॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये, म्हणजे साच्यात, ओततात, साइटवर त्याला मायवानच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. विटा नाहीत, प्लास्टर नाही. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी, एकाच ओतात. कामाची घडी बसली की सात ते दहा दिवसांत एक मजला. भिंत दीड-पावणेदोनशे मिलिमीटरची, पूर्ण काँक्रीट, आत सळईची जाळी. ही भिंत भार घेते, वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा धक्काही घेते. पुणं भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोजलं गेलं आहे आणि पन्नास मीटरच्या वरच्या इमारतींसाठी २०१७ पासून वेगळी भारतीय मानक संहिताही आहे. लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या अशा भिंतींना शिअर वॉल म्हणतात आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्यात भोकं आवडत नाहीत. म्हणूनच "नंतर दोन खिडक्या काढा की" ही सूचना सोसायटीच्या मीटिंगमध्ये कितीही टाळ्या घेवो, ती अमलात येत नाही. विटांच्या भिंतीत खिडकी पाडता येते. इथे भिंत म्हणजेच खांब.

दर मजल्यावरची ती आडवी रेघ सजावट नाही. खालच्या मजल्याचा ओत जिथे थांबला आणि वरच्याचा सुरू झाला तो सांधा आहे. रेघांच्या मधे ठरावीक अंतरावर ठिपके दिसतात, ती टाय-रॉडची भोकं. शटरिंगच्या दोन्ही फळ्या ओल्या काँक्रीटच्या दाबाने फाकू नयेत म्हणून आरपार बांधलेल्या असतात. शटर काढलं की भोक उरतं. ते ग्राउटने, म्हणजे न आकसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने, दोन्ही बाजूंनी, पूर्ण खोलीपर्यंत भरायचं असतं. बावीस मजल्यांच्या एका बाजूला अशी भोकं हजारोंनी असतात आणि काम झुल्यावर लटकून करायचं असतं. घाई झाली की बाहेरून नुसतं सिमेंटचं बूच बसतं. पहिल्या पावसाळ्यात काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात आतल्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येते आणि पाणी कुठून येतं हे शोधता शोधता माणसं गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेतात, तेही दोनदा. बाहेरून बघणाऱ्याला ते आधी कळतं. पाऊस थांबल्यावर बाकीची भिंत वाळते आणि ठिपके काळपट ओले राहतात.

काळे ओघळ हा दुसरा प्रकार, आणि तो टाळता येण्याजोगा आहे म्हणून जास्त राग आणतो. गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला उतार हवा, आणि तो आत, गच्चीकडे हवा. बाहेर उतार दिला की उन्हाळाभर साचलेली धूळ वळवाच्या पहिल्या सरीबरोबर भिंतीवरून खाली येते. माथ्याची कोपिंग, म्हणजे वरची झाकणपट्टी, भिंतीच्या थोडी बाहेर काढून खालून एक बारीक खाच मारली की पाण्याचा थेंब तिथेच सुटतो, भिंतीला चिकटून खाली सरकत नाही. बोटभर खाच. जुन्या पुण्यातल्या दगडी कंगोऱ्यांना ती आहे, साठ-सत्तरच्या दशकातल्या सोसायट्यांच्या छज्ज्यांना आहे. सत्तर मीटरच्या टॉवरला कित्येकदा नसते. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर पावसाचा थेट मारा कमी बसतो, मारा नैर्ऋत्येकडून येतो. पण ती वाळायलाही वेळ लावते. डिसेंबरात तर तिच्यावर ऊन पडतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे शेवाळ आधी धरतं ते याच पाठीवर. रंगाचे दोन हात, टेक्स्चर, वर कंपनीची इतक्या-तितक्या वर्षांची हमी; हमी रंगाची असते, खाचेची नसते. आणि पुन्हा रंग द्यायचा तर पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समधून, म्हणजे पुढची बाजू आधी. पाठ बघणाऱ्यांचा त्या मीटिंगमध्ये एकही सभासद नसतो.

भिंत पूर्ण कोरी क्वचितच असते हेही सांगायला हवं. चोवीस मीटरच्या वर अग्निसुरक्षेसाठी रिफ्यूज एरिया, म्हणजे आग लागल्यास माणसांनी थांबायची मोकळी जागा, ठेवावा लागतो, मग पुढे ठरावीक उंचीवर पुन्हा. तो बाहेरच्या भिंतीला, हवेशीर असावा लागतो. त्यामुळे कोऱ्या भिंतीत मधेच एक-दोन खोल चौकोन दिसतात, रिकामे. कबुतरं आधी तिथे येतात.

सावलीचा हिशेब लोक भीतीपोटी वाढवून सांगतात, म्हणून नीट मांडतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. २२ डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या किंचित पुढे, सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. सावली उंचीच्या नव्वद टक्के, थेट उत्तरेला. सत्तर मीटरच्या टॉवरची ६३ मीटर. दोनशे मीटरवरच्या घराला तिचा त्रास नाही. मधल्या बैठ्या बंगल्यांना आहे, त्यांच्या अंगणात ऐन थंडीत दुपारी ऊन नाही. संध्याकाळी साडेचारला सूर्य अठरा अंशांवर उतरलेला असतो आणि सावली उंचीच्या तिप्पट होऊन ईशान्येकडे सरकते, दोनशे मीटरच्या पुढे. रुंद भिंतीची सावली हळू जाते, अरुंदाची लवकर. सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना हा फरक पंधरा मिनिटं की पाऊण तास असा कळतो. उन्हाळ्यात मात्र सगळं उलटतं. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटाला सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाशी. जूनमध्ये तर मध्यान्हीची सावली सहा मीटर, तीही दक्षिणेला.

आणि एक गोष्ट अशी आहे की जी भिंतीच्या बाजूने नोंदवली पाहिजे. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सूर्य ईशान्येकडे उगवतो तेव्हा सकाळचं ऊन या फिकट भिंतीवर पडतं आणि परतून जुन्या घरांच्या दक्षिणेकडच्या खोल्यांत येतं. ज्या खोलीत सकाळचं ऊन कधीच नव्हतं तिथे सात वाजता भिंतीवर मऊ, सावली न पाडणारा उजेड असतो. तो छान असतो. त्याच्याबद्दल तक्रार करायला गेलं तरी करता येत नाही. आवाजाचं मात्र असं गोड काही नाही. शंभर मीटरवर सपाट कोरी भिंत असली की आवाज जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे कान त्याला वेगळा आवाज म्हणून ओळखतो. गणपतीच्या आधी दीड महिना नदीपात्रात किंवा मैदानात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की अशा भिंतीजवळच्या वस्तीला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. गॅलऱ्या, कोनाडे, झाडं आवाज फोडतात. कोरी भिंत तो पूर्णच्या पूर्ण परत पाठवते. वाऱ्याचं गणितही असंच: रुंद सपाट भिंतीवर आदळलेला वारा वर कमी जातो, खाली आणि कडेने जास्त. मे महिन्यातल्या वावटळीत टॉवरच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची ताडपत्री आधी उडते, आणि त्याला कारण विचारलं तर तो बरोबर सांगतो.

हे सगळं कायद्याला दिसतं का? काही काही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षं अखंड मिळत आलेल्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगता येतो. तोही सिद्ध करायला कोर्टाची पायरी आणि चिकाटी लागते. दृश्यावर असा हक्क सांगता येत नाही, वीस वर्षं बघा की दोनशे. इमारतींमधलं अंतर नियमात आहे: राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पंधरा मीटरवरच्या इमारतीला बाजूची आणि मागची मोकळी जागा उंचीच्या एक-पंचमांश, तीही एका कमाल मर्यादेपर्यंत. ते अंतर आगीच्या बंबासाठी, उजेडासाठी, हवेसाठी. डोंगरउताराचा नियम आहे: एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकाम नाही, म्हणजे डोंगर वाचतो. तो दिसतो की नाही हा प्रश्न त्या नियमाचा नव्हे. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटर बंदी आणि पुढे दोनशे मीटर परवानगी घेऊनच बांधकाम. तिथे राहणारे लोक त्या शंभर मीटरांपायी वाड्यांची दुरुस्तीही अडली म्हणून वैतागलेले आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे विमानाच्या वाटेतल्या उंचीवर बारीक लक्ष असतं, समुद्रसपाटीपासून मोजून. आभाळाचा नकाशा पुण्याकडे नाही असं कोणी म्हणू नये. तो आहे, रंगीत आहे, आणि तो वैमानिकासाठी काढलेला आहे.

तक्रार करणाऱ्यांनी थोडं मागेही वळून बघावं. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगरातल्या तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या, त्याही कोणाच्या तरी बैठ्या बंगल्यापुढे किंवा शेतापुढे. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पेठांतली माणसं नदीपलीकडे सरकली तेव्हा त्यांच्या नव्या घरांनी कोणाचं क्षितिज खाल्लं याची नोंद कोणी ठेवली नाही. घरं लागतात. मेट्रोच्या स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, मिळतो तो वेडेपणा नव्हे. स्टेशनजवळ जास्त माणसं राहावीत हे शहाणपणाचंच आहे. वनाझ ते रामवाडी या मार्गाच्या दोन्ही अंगांना येत्या काळात उंच इमारती होणार, आणि त्या व्हायलाच हव्यात. उंचीशी भांडण नाहीच. भांडण आहे ते पाठीशी.

घर घेताना किंवा आपलीच सोसायटी रिडेव्हलपमेंटला देताना व्ह्यूचे पैसे कोणी मागत असेल तर ते किती वर्षं टिकणार हे काढता येतं. गॅलरीत उभं राहून मोबाइलमधल्या लेव्हलने डोंगरमाथ्याचा अंश मोजायचा. एक-दोन अंशच निघतील, बिचकू नये. नकाशावर त्या दिशेची रेघ ओढायची आणि पहिल्या पाचशे मीटरमधले प्लॉट बघायचे. मोकळे प्लॉट फसवत नाहीत, ते दिसतात तरी. फसवतात चाळीस-पन्नास वर्षांच्या तीन मजली सोसायट्या, कारण त्या कायमच्या वाटतात. समोरचा रस्ता किती मीटरचा, हा खरा प्रश्न, कारण नियमावलीत एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीवर चढत जातो. नऊ मीटरच्या गल्लीत आणि चोवीस मीटरच्या रस्त्यावर तोच प्लॉट निराळी उंची गाठतो. विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल तर आजची रुंदी धरू नये. मेट्रोचं अंतर पाहावं. जाहीर झालेला प्रकल्प असेल तर महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर मंजूर मजले लिहिलेले असतात, आणि नुसते मंजूर नव्हे तर पुढे प्रस्तावित असलेलेही बघावेत. मग प्रत्येक प्लॉटसाठी अंतर भागिले शंभर, गुणिले पावणेदोन, गुणिले अंश. उत्तर मीटरमध्ये येतं, त्यात आपल्या डोळ्याची उंची मिळवायची आणि तीनने भागायचं. इतक्या मजल्यांत आपला डोंगर संपतो. हे करून मग फ्लोअर राइजवर घासाघीस करावी.

भिंत झाल्यावर तिचं काय करावं यावर सुचवण्यांची कमी नसते. चित्र काढा म्हणतात. चार मजल्यांपर्यंत, चौकाच्या तोंडाशी चित्र चांगलं दिसतं. सत्तर मीटरवर कुठलंही चित्र जाहिरात वाटतं, आणि चारपाच पावसाळ्यांत त्याच्यावरूनही ओघळ येतात. उभी बाग म्हणतात. फेल्टच्या खिशांत झाडं, वरून ठिबक. बोअरच्या जड पाण्याने ठिबकच्या नळ्यांची तोंडं बुजतात, वरच्या झाडांना पाणी, खालची वाळलेली. दुसऱ्या उन्हाळ्यात सांगाडा उरतो. जे काही करायचं ते नकाशावरच करावं लागतं आणि ते महाग नाही. जिन्याच्या प्रत्येक लँडिंगला बाहेरच्या बाजूने जाळी किंवा खिडकी ठेवली तर दिवसा जिन्यात दिवा लागत नाही, धूर बाहेर जातो आणि पाठीला मजल्यागणिक एक डोळा मिळतो. शिअर वॉल आत, लिफ्टभोवती घ्यायची. बाहेरच्या रांगेत ती सरसकट लावायची नाही. भिंत कुठेतरी दोन-तीन फूट मागेपुढे घ्यायची, म्हणजे सावलीच्या उभ्या रेघा पडतात आणि आवाज तुटतो. सर्वांत मोठा फरक पडतो इमारत वळवण्याने. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद टॉवर दीडशे मीटरवरून लांब बाजूने पाहिला तर साडेबावीस अंश आभाळ खातो, अरुंद बाजूने पाहिला तर साडेसात. तीच घरं, तोच एफएसआय, मागच्या वस्तीला पंधरा अंश परत. सिंहगडाच्या डोंगराची दिसणारी कडा त्यात बऱ्यापैकी मावते. अडचण एवढीच की अरुंद बाजू मागे केली तर लांब बाजूही सिंहगडाकडे राहत नाही, आणि मग अर्ध्या फ्लॅटांचा फ्लोअर राइज बुडतो.

म्हणून ही गोष्ट आर्किटेक्टच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. ब्रोशरमध्ये टॉवरचं चित्र नेहमी पुढून, संध्याकाळच्या उजेडात, खाली दोन-चार गुलमोहर. मंजुरीच्या कागदांत एका ठरावीक उंचीवरच्या प्रत्येक इमारतीला दोन जादा चित्रं मागता येतील. एक, मागच्या वस्तीतून माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून दिसणारी पाठ, जशी दिसणार तशी. दुसरं, एक लांब सेक्शन, म्हणजे उभा छेद: एका टोकाला पर्वती, दुसऱ्याला सिंहगड किंवा वेताळ टेकडी, मधे हा टॉवर, आणि सगळ्यांचे माथे समुद्रसपाटीपासून लिहिलेले. विमानतळाच्या परवानगीसाठी माथ्याची उंची अशी मोजलेली असतेच, नव्याने सर्व्हेअर बोलवावा लागत नाही. ड्राफ्ट्समनचं एका दिवसाचं काम आहे. ते दोन कागद वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर महिनाभर लावावेत, हरकती-सूचनांच्या नोटिशीशेजारी, जमल्यास जिथे ट्यूबलाइट चालू आहे तिथे.